माशाचा उपास

अभिनंदनने जिवंत झिंग्यांची प्लॅस्टिकची पिशवी दुकानाच्या कापडी पिशवीत तळाशी ठेवली, तिच्यावर चष्म्याची रिकामी घरं रचली, आणि कुणी डोकावलंच तर आधी ते दिसावं म्हणून सगळ्यात वर देवळातल्या प्रवचनांचं पत्रक पसरलं. झिंगे आतून उड्या मारत होते. दर उडीला चष्म्याची घरं एकमेकांवर आपटून टकटक करत होती.

"पावणं," मृत्युंजय काउंटरवर रेलून म्हणाला, "त्या दिशी तर म्हणालासा, दोन्ही मासे घेऊन जावा, फुकट देतो. आन आज त्येंच्यासाठनं खाणं नेताय व्हय?"

"मोठा खाईना झालाय."

"मग ऱ्हाऊ द्या की उपाशी. चन्ना हाय त्यो, शिकारी जात. भूक लागली की तुमचं बोट बी खाईल."

"तेवढी सवड न्हाई."

"का? लगीन ठरलंय त्याचं?"

अभिनंदनने पिशवीचे बंद आवळले. खरं उत्तर असं होतं, की तो मासा जेवल्याशिवाय अभिनंदनची आई जेवणार नव्हती. पण हे वाक्य उचगावातल्या एका अॅक्वेरियमच्या दुकानात, भर दुपारी, शुद्धीवर असलेल्या माणसाने उच्चारण्यासारखं नव्हतं.

"मग रविवारी येऊ का न्यायला?" मृत्युंजयने विचारलं.

"फोन करतो," असं म्हणून अभिनंदनने स्कूटरला किक मारली.

माशांचं खाणं राजारामपुरीतही मिळालं असतं. पण राजारामपुरीत अभिनंदन मगदूमचं चष्म्याचं दुकान होतं आणि निम्म्या जैन समाजाचे चष्म्याचे नंबर त्याला पाठ होते. दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चाललेलं. लोक कंदमुळंच काय, पालेभाजीसुद्धा सोडून बसलेले. अशा दिवसांत देवळाच्या कमिटीवरचा माणूस जिवंत झिंगे विकत घेताना दिसला असता, तर पुढच्या पर्वापर्यंत प्रवचनकारांना विषय पुरला असता. म्हणून उचगाव.

मासे त्याचे नव्हतेच. ते त्याच्या मुलीचे, अपूर्वाचे. ती गुवाहाटीला शिकायला होती तेव्हा येताना तिकडच्या डोंगरातल्या झऱ्यांतल्या माशांची दोन पिल्लं घेऊन आली. दोन्ही नर आहेत, असं तिने सांगितलं आणि घराने मानलं; तरी त्यातल्या लहान असलेल्याला सगळे बारकीच म्हणत. ती 'पिल्लं' म्हणाली म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मग ती वीतभर लांब झाली, आणि कळलं की समोर हलेल ते गिळायचं एवढा एकच छंद त्यांना आहे. शिवाय पाणी थंडगार लागतं. कोल्हापूरचा उन्हाळा त्यांना सोसत नाही. तो कोल्हापूरच्या माणसांनाही सोसत नाही, पण त्यांच्यासाठी अपूर्वाने इंटरनेटवर काही वाचलं नव्हतं.

मग तिच्या खोलीत एसी बसला. पुढे नोकरी लागून ती आयर्लंडला गेली. मासे राहिले, एसी राहिला. घरात एसी एकच, आणि तो माशांना. अभिनंदन आणि प्रियदर्शनी शेजारच्या खोलीत पंख्याखाली घाम पुसत झोपायची आणि भिंतीपलीकडे दोन मासे गारव्याला पडून असायचे. वीज गेली की फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडायच्या, विरघळल्या की काढायच्या, पुन्हा गोठवायला ठेवायच्या. खाणं म्हणून तपकिरी गोळ्या असत. त्यांचं पाकीट बिस्किटांच्या जुन्या डब्यात, गॅलरीत. त्या गोळ्यांत काय असतं हे पाकिटावर छापलेलं होतं. घरात सगळ्यांना वाचता येत होतं आणि कुणीही वाचलेलं नव्हतं.

अव्वाने, म्हणजे अभिनंदनच्या आईने, वर्षभर त्या खोलीत पाय ठेवला नाही. "हिंसक जिवांच्या शेजारी बसून मी जपमाळ वढू व्हय?" म्हणायची. मग एका मे महिन्यात दुपारी ती उशी आणि माळ घेऊन आत गेली.

"मी माशांसाठनं न्हाय आलो. एसीसाठनं आलो," असं तिने सगळ्यांना ऐकवलं, आणि परत बाहेर आलीच नाही. तिची कॉटच तिकडे गेली.

तेव्हापासून संध्याकाळच्या फोनचं कामही तिच्याकडे लागलं. अपूर्वा रोज फोन करायची. आईवडिलांशी दोन वाक्यं बोलून झाली की म्हणायची, "आता मासे दाखवा." अव्वा नातीशी बोलत नव्हती असं नाही. हूं, व्हय, न्हाय, एवढं बोलायची. पण कागलच्या एका चांगल्या घरचं स्थळ नाकारून अपूर्वा निघाली, तेव्हा अव्वा दारात उभी राहून म्हणाली होती, "जा. पर तुझं तोंड पुन्यांदा बघनार न्हाय मी." आणि अव्वा दिलेला शब्द पाळणाऱ्यांतली होती. तरुणपणी तिने बटाटा सोडला, तो सोडला. घरात वेफर्सची पुडी फुटली तरी ती पदर नाकाला लावायची.

तर फोन आला की अव्वा तो घ्यायची आणि त्याचा पडदा टाकीकडे करून काचेसमोर धरायची. म्हणजे उलटाच. अभिनंदनने तिला बटण दाखवलं होतं. "हे दाबलं की मागचा कॅमेरा चालू होतो अव्वा, मग पडदा तुझ्याकडं ठेवून मासे दाखवता येतात." तिने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा उलटा. "मला जमत न्हाय त्ये." त्यात अपूर्वाचं तिसरंच. "पप्पा, खोलीतली ट्यूब लावा ना." अभिनंदनने तिलाही समजावलं होतं. काचेच्या बाहेर उजेड जास्त झाला की काच आरशासारखी वागते, आतलं दिसत नाही. या एका गोष्टीवर त्याचं पोट चालत होतं, अँटी-ग्लेअरच्या काचा तो याच वाक्यावर विकायचा. अपूर्वा म्हणायची, "असू दे. लावा." शेवटी त्याने दोघींपुढे हात टेकले.

हात टेकायची त्याला एकूणच सवय झाली होती. म्हणून पर्वाच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तो प्रियदर्शनीला म्हणाला, की मासे उचगावचा एक माणूस घेऊन जाईल. अपूर्वाला नंतर सांगू. खोलीचं दार उघडं होतं, पण अव्वाला कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या माशाने गोळीला तोंड लावलं नाही. गोळी त्याच्या नाकासमोरून खाली गेली आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

"त्याचा उपास असंल," कॉटवरून अव्वा म्हणाली.

त्या वेळी महिला मंडळाच्या शालूबाई फुलं न्यायला आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते दोन व्हॉट्सअॅप ग्रुपांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशीही मासा जेवला नाही, तेव्हा दारात चपला जमल्या. आणि तिसऱ्या दिवशी अव्वाने देवासमोर हात जोडून जाहीर केलं, की हा मुका जीव करतोय तर मी काय मेली हाय? त्यो तोंड उघडंल तवाच मी उघडीन. तोवर दिवसातनं एकदा उकळलेलं पाणी, बास.

"अव्वा, तुला साखरेच्या गोळ्या चालू आहेत," अभिनंदन म्हणाला.

"गोळ्या बी बंद. उपासच हाय म्हटल्यावर साखर कुठनं यील?"

डॉक्टरांनी त्याला फोनवर सांगितलं, या वयात साखर एकदम उतरली तर आवाजसुद्धा होत नाही. माणूस झोपेतच जातो. तेव्हापासून दुपारी ती झोपली की अभिनंदन दुकानातून घरी येऊन दारात उभा राहून तिच्या पदराची हालचाल बघून जायचा.

आता उचगावहून परतल्यावर घराच्या जिन्यावरच त्याला चपला लागल्या. आत खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एसीमुळे कुणी लवकर उठतही नव्हतं. देवळाचे ट्रस्टी बाहुबलीअण्णा टाकीला सगळ्यात जवळ खुर्ची टाकून बसले होते आणि आलेल्या माणसांना मासा समजावून सांगत होते.

"बघा त्याची मुद्रा. हालचाल न्हाई, लोभ न्हाई. पूर्वभवी कोण असंल, सांगता येत न्हाई."

मासा टाकीच्या कोपऱ्यात, लाकडाच्या ओंडक्याखाली, नाक वर करून तरंगत होता. गाल फुगलेले. तो अधूनमधून अगदी सावकाश पृष्ठभागावर यायचा, हवेचा एक घोट घ्यायचा आणि कुणाचं तरी ओझं वाहत असल्यासारखा खाली जायचा. दोन-तीन मोबाइलचे फ्लॅश पडले. मासा ओंडक्याच्या आणखी आत सरकला.

"आणि ती दुसरी?" कुणीतरी विचारलं. बारकी ऐटीत फिरत होती.

"ती खाते," शालूबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळ. असतंय बाई एकेकाच्या घरात." असं म्हणताना त्यांची नजर का कोण जाणे, स्वयंपाकघराकडे गेली.

पर्वभर एकदाच जेवणाऱ्या आणि पाहुण्यांना दिवसभर पाणी देणाऱ्या प्रियदर्शनीने तांब्याभांड्याचा ट्रे जरुरीपेक्षा जास्त आवाज करून खाली ठेवला.

"अभिनंदन," अण्णा म्हणाले, "पिशवीत काय हाय रे? वाजतंय."

"चष्मे आहेत अण्णा."

"चष्मे हालत्यात व्हय?"

"स्प्रिंगच्या काड्यांचे आहेत."

अण्णांनी पिशवीकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं. पण तेवढ्यात कुणीतरी घड्याळ बघितलं, आणि सगळी खोली एकदम उठली. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. समाजातली कितीही मोठी सभा आवरायला सूर्याइतका खमका अध्यक्ष नाही. बघता बघता चपला गेल्या, आवाज गेले, आणि खोलीत एसीची घरघर उरली.

अव्वा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. अभिनंदनने पदराकडे बघितलं. पदर हलत होता.

मग त्याने दार लोटलं, चष्म्याची घरं एकेक करून जमिनीवर मांडली आणि झिंग्यांची पिशवी बाहेर काढली. टाकीचं झाकण उघडताना त्याच्या मनात आलं, आज पर्वातला सहावा, संयमाचा दिवस. हात थांबला. आजवरच्या आयुष्यात त्याने मुंगीवर पाय पडला तरी दिवसभर वाईट वाटून घेतलं होतं. आता तो एका उपाशी माशाला मांसाहाराचा आग्रह करत होता, का, तर आपली आई जगावी. यातलं पाप नेमकं कुणाच्या खात्यावर जातं, हे अण्णांना विचारण्यासारखं होतं.

त्याने डोळे मिटून पिशवी उलटी केली.

खळ्ळकन आवाज झाला, पाणी उडालं. डोळे उघडले तेव्हा बारकीने दोन झिंगे संपवले होते आणि तिसऱ्याच्या मागे लागली होती. मोठा हलला नाही. एक झिंगा पोहत पोहत त्याच्या नाकावर येऊन बसला. मिशा हलवत बसून राहिला. मोठ्याचे डोळे त्या झिंग्याकडे वळले. सबंध अंग एकदा थरथरलं. पण तोंड मिटलेलं ते मिटलेलंच.

"खा की रे," अभिनंदन कुजबुजला. "खा बाबा. कुणी बघत नाही."

फोन वाजला. अपूर्वाचा. अव्वा उठली नाही, म्हणून त्यानेच घेतला.

"पप्पा? आज तुम्ही कसे? अज्जी कुठाय?"

"पडलीय जरा."

"या वेळी?"

"अपूर्वा, तुझा मोठा मासा बरेच दिवस खात नाही." आणि त्याने, बटण दाबून, व्यवस्थित मागच्या कॅमेऱ्याने तिला मासा दाखवला.

"बरेच दिवस? मला का नाही सांगितलं? अज्जी तर रोज म्हणते, बरा हाय." ती थांबली. मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "पप्पा, गळा दाखवा. जवळून. हळू… आता खोलीच्या बाहेर या. हळूच या."

तो गॅलरीत आला. खाली गल्लीत मंडळाच्या गणपतीपुढे आरतीची तयारी चालली होती.

"त्याच्या तोंडात पिल्लं आहेत," अपूर्वा म्हणाली.

"कुणाची?"

"त्याचीच. अंडी घातली की यांच्यात बाप ती तोंडात घेतो. पिल्लं पोहण्याएवढी होईपर्यंत तोंडातच सांभाळतो. म्हणून खात नाही. खायला गेला तर पिल्लं पण पोटात जातील ना."

"पण तू तर म्हणाली होतीस, दोन्ही नर आहेत."

"चुकलं असेल." ती हसली, मग लगेच गंभीर झाली. "पप्पा, आता त्याला अजिबात बिचकवू नका. आवाज नको, लाइट नको, समोर माणसं नकोत. घाबरला तर सगळी गिळून टाकेल. समोर कोणी येत नाही ना?"

अभिनंदनला चपलांनी भरलेला जिना आठवला. "नाही. कोण येणार?"

"अज्जीला काय झालंय?"

"पर्व आहे. उपास आहे तिचा."

पलीकडे अपूर्वाने कसलं तरी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मला एकदा… ट्यूब लावून दाखवा ना."

"आत्ताच लाइट नको म्हणालीस."

"हां," अपूर्वा म्हणाली. "हो. नको." आणि तिने फोन ठेवला.

अभिनंदन खोलीत आला. हे सगळं अव्वाला कसं सांगायचं, ते तो ठरवत होता. मासा धर्मात्मा नाही, बाप आहे, हे ऐकून ती चिडेल का रडेल, त्याला सांगता येईना. तो कॉटपाशी उभा राहिला. अव्वाचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"टाकीवरचा दिवा बंद कर त्यो," ती म्हणाली. "आन झिंगं काढून घे. बिचकला तर गिळंल सगळी."

अभिनंदनने दिवा बंद केला; झिंगे बारकीने एव्हाना संपवले होते. मग तो कॉटच्या कडेवर बसला.

"तुला माहीत होतं?"

"आमच्या गावच्या वड्याला असलेच हुते. बारकं. आमी पोरी पाण्यात पाय सोडून बघत बसायचो. गाल फुगलं की वळखायचं, ह्यो आता आठ-धा दिस जेवनार न्हाय."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"आदल्या दिवशीपासनं. तिनं घातली, ह्यानं गोळा केली. हितंच पडून बघितलं की मी."

"मग उपास म्हणून लोकांना का सांगितलंस?"

"मी म्हटलं, असंल. फुडचं लोकांनी म्हटलं."

"आणि तुझा?"

"माझा खरा हाय."

"पण कशासाठी, अव्वा?"

तिने माळ उशीखाली सारली. मग कूस वळवून पहिल्यांदा तिने त्याच्याकडे तोंड केलं. गाल पार आत गेले होते.

"उचगावचा माणूस कवा येणार हाय?"

एसी घरघरत होता. अभिनंदनने कॉटच्या चादरीची सुरकुती सारखी केली, पुन्हा विसकटली, पुन्हा सारखी केली.

"तुला कमी ऐकू येतं," तो म्हणाला.

"मग तुमी जरा हळू बोलत जावा." तिने डोळे मिटले. "लोक बघाय येत असताना कोण न्हेतंय मासा? म्हनून म्हटलं, येऊ द्यात लोक. पर आता गर्दी लई झाली. बंद कर ती."

"येणार नाही तो. आत्ता फोन करून सांगतो. आता तरी काहीतरी घे. मुगाचं पाणी घे."

"संकल्प केलाय. आधी त्येनं उघडू दे."

अभिनंदनने तिच्यासमोर मृत्युंजयला फोन लावला. "येऊ नका," तो म्हणाला, "पिल्लं झालीत."

"आं? मग तर येतोच की! पिल्लांना लई गिऱ्हाईक हाय."

"येऊ नका," अभिनंदन पुन्हा म्हणाला.

त्याला वाटलं, आपल्याला कळलं. वर्षभर हिंसक, हिंसक म्हणत म्हातारी माशांना जीव लावून बसली होती. आणि मान्य करायचं तर ती अव्वा कसली.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. जिन्यात खुर्ची टाकून बसला आणि येईल त्याला परत पाठवू लागला. बाहुबलीअण्णांना परत पाठवणं सोपं नव्हतं.

"दर्शन बंद म्हंजे?"

"त्याने मौन घेतलंय, अण्णा."

"अरे, मासा बोलत कवा हुता?"

"एकांत पाहिजे त्याला. कुणी समोर आलं की आत जाऊन बसतो."

अण्णांनी यावर विचार केला. त्यांचे डोळे ओलसर झाले. "आता मातर माझी खात्री पटली," ते म्हणाले, आणि पायऱ्यांना हात लावून खाली उतरले.

खरी परीक्षा अनंत चतुर्दशीला होती. त्या दिवशी पर्व संपतं आणि गणपती बोळवायला सगळं गाव रस्त्यावर येतं. दुपारपासून एकेक मंडळ राजारामपुरीतून निघालं. डॉल्बीचा ठोका पडला की दुकानाच्या शटरपासून घरातल्या ताटांपर्यंत सगळं थडथडायचं. अभिनंदन आणि प्रियदर्शनीने घरातल्या सगळ्या गाद्या खिडक्यांना लावल्या. टाकीखाली घड्या घातलेली घोंगडी सरकवली. टाकीला सगळ्या बाजूंनी शाली लपेटल्या. त्यांत प्रियदर्शनीने लग्नातला शालूही आणला.

"हा कशाला?" त्याने विचारलं.

"जाड आहे," ती म्हणाली. "आणि त्या शालूबाईंना सांगा, आमच्या घरातली खाते, पण कामाला येते."

पाण्यावर बारीक लाटा उमटत होत्या. शालीच्या फटीतून अभिनंदनने आत बघितलं. मोठा मासा ओंडक्याखाली अंग आवळून बसला होता. खपाटीला गेलेलं पोट, मोठं दिसणारं डोकं, फुगलेले गाल. दर ठोक्याला त्याची शेपटी हलायची. तोंड हलत नव्हतं. कॉटवर अव्वा बसली होती, भिंतीला टेकून, ओठ मिटून, दोन्ही हात मांडीवर. अभिनंदनने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग तो दोघांच्या मध्ये जमिनीवर बसला आणि शेवटचं मंडळ लांब जाईपर्यंत तिथेच बसून राहिला.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी अव्वाने हाक मारली. "अभ्या!"

तो धावत गेला. आधी पदराकडे बघितलं, मग तिचं बोट होतं तिकडे. ओंडक्याशेजारी पाण्यात मोहरी सांडल्यासारखं काहीतरी हलत होतं. मोठा मासा त्या ढगाखाली सावकाश फिरत होता, आणि त्याचं तोंड उघडं होतं.

प्रियदर्शनीने मुगाचं पाणी केलं. वाटी आपल्या हाताने धरून तिने सासूच्या ओठांना लावली. अव्वाने पहिला घोट बराच वेळ तोंडात धरून ठेवला, मग गिळला. बाहुबलीअण्णांचा फोन आला तेव्हा तोही प्रियदर्शनीनेच घेतला.

"पारणं झालं म्हंता? कशानं झालं?"

"मुगाच्या पाण्यानं," ती म्हणाली. "बरं वाटतंय आता."

क्षमावाणीचा दिवस म्हणजे दिवसभर फोन. वर्षभर ज्यांच्याशी पटलं नाही, त्या सगळ्यांची माफी मागायची आणि सगळ्यांना माफ करायचं. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा म्हणून अभिनंदनचा घसा बसला. शालूबाईंनी प्रियदर्शनीकडे क्षमा मागितली. कशाबद्दल ते सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

दिवस मावळल्यावर अपूर्वाचा फोन आला. अभिनंदन दमून हॉलमध्ये पडला होता. आतून अव्वाने फोन घेतल्याचा आवाज आला. पिल्लांसाठी काय खाणं आणायचं ते विचारावं म्हणून तो उठला आणि दारापर्यंत गेला.

खोलीत अंधार होता. टाकीवरचा दिवा पिल्लांसाठी बंदच ठेवलेला. अव्वा टाकीसमोर स्टुलावर बसली होती आणि फोन तिने नेहमीसारखाच, उलटा, पडदा काचेकडे करून धरला होता.

बटणाचं तिला पुन्हा एकदा सांगावं म्हणून अभिनंदनने तोंड उघडलं. मग त्याचं लक्ष काचेकडे गेलं.

काळ्या काचेत मासे दिसत नव्हते. फोनचा उजळ चौकोन दिसत होता, आणि त्यात, डावं-उजवं उलटलेला, बोटभर, अपूर्वाचा चेहरा. अव्वा त्याच्याकडे बघत होती. पापणी न हलवता.

"अज्जी, उत्तम क्षमा."

"व्हय," अव्वा म्हणाली.

"काहीच दिसत नाहीये गं मला."

"पिल्लं बारकी हायत."

"हो." मग हळूच, "कुणीतरी ट्यूब लावा ना."

अभिनंदनचा हात बटणावर गेला. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. काचेआडची पिल्लं, ओंडका, मोठा मासा, उजेडातही काहीच दिसलं नाही. पांढरे केस, आत गेलेले गाल आणि फोन धरलेला हात तेवढा काचेवर उमटला.

"किती वाळलीस गं," आयर्लंडहून अपूर्वा म्हणाली.

"मासं बघ," अव्वा म्हणाली.

"तेच बघतेय."

अव्वाने मान न वळवता, मोकळ्या हाताने पदर डोक्यावरून नीट केला. अभिनंदन मागे सरकला आणि त्याने दार हळूच ओढून घेतलं, एसीचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.